शिळेपणाचा शोध

रात्रीचा उरलेला भात सकाळी पातेल्यातून काढला तर तो एका ढेकळासारखा निघतो. दाणे टणक झालेले असतात आणि बोटांनी मोकळे केले की सुटे होतात. तव्यावरून उतरताना मऊसूत असलेली पोळी संध्याकाळपर्यंत चामट होते. ज्वारीची भाकरी तर थंड होता होताच ताठ होऊ लागते. पाव दुसऱ्या दिवशी घशाला कोरड पाडतो. असे का होते, हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुले उत्तर देतील, 'त्यातले पाणी उडून जाते म्हणून.' मोठी माणसेही हेच सांगतील. हे उत्तर इतके उघड वाटते की ते तपासून पाहावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

हे उत्तर बरोबर नाही. ते चूक आहे हे १८५२ मध्ये सिद्ध झाले, पण बरोबर उत्तर हाती यायला त्यानंतर सुमारे शंभर वर्षे लागली. या शंभर वर्षांच्या कथेत एक फ्रेंच शेतीरसायनज्ञ आहे, युरोपातल्या तळघरांत रात्रभर कणीक मळणारे कामगार आहेत आणि क्ष-किरणांनी पाव तपासणारा एक डच संशोधक आहे. आपल्या स्वयंपाकघरात रोज घडणारी एक गोष्ट विज्ञानाला कशी उलगडत गेली, हे पाहण्यासाठी ती कथा सुरुवातीपासून पाहू.

चीक आणि कुरडया

भात, पोळी, भाकरी, पाव, साबुदाणा, बटाटा या सगळ्यांत मुख्य घटक एकच, तो म्हणजे पिष्ट किंवा स्टार्च. वनस्पती आपला अन्नसाठा बियांत आणि कंदांत या रूपाने करून ठेवतात. धान्यातून पिष्ट वेगळे काढण्याची कला फार जुनी आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे कुरडया करतात. त्यासाठी गहू काही दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते वाटून आणि गाळून पांढरे दुधासारखे पाणी स्थिर ठेवायचे. तळाशी बसतो तो चीक. हा चीक म्हणजे बव्हंशी गव्हाचे पिष्ट होय.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोममधल्या मार्कस केटो याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात अशीच कृती दिली आहे. निवडलेले गहू कुंडात घालावेत, दिवसातून दोनदा पाणी द्यावे, दहाव्या दिवशी पाणी काढून ते चांगले चुरावेत आणि नव्या कापडातून गाळून आलेला दाट रस उन्हात वाळवावा. हा पदार्थ दुधात शिजवून खात. त्याला लॅटिनमध्ये 'अमायलम' म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जात्यावर न दळलेले' असा आहे. आजच्या रसायनशास्त्रातले अमायलोज, अमायलेज हे शब्द याच शब्दातून आले आहेत.

म्हणजे पिष्ट वेगळे करता येत होते, त्याची खळ कपड्यांना आणि कागदाला वापरली जात होती. पण हा पदार्थ आहे तरी काय, याची चौकशी सुरू व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले. इटलीतल्या बोलोन्या येथील बेक्कारी यांनी १७२८ मध्ये एक साधा प्रयोग मांडला. कणकेचा गोळा पाण्याखाली धरून हळूहळू धुवायचा. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा राहतो. चिवट भाग म्हणजे ग्लूटेन हे प्रथिन आणि पाण्याबरोबर गेले ते पिष्ट. त्याच शतकाच्या आरंभी हॉलंडमधल्या लेव्हेनहुक यांनी आपल्या भिंगातून पिष्टाचे कण पाहिले होते. पीठ आपल्याला नुसती पूड वाटते, पण त्यातले पिष्ट हे ठरावीक घडणीच्या कणांचे बनलेले असते. तांदळाचे कण अगदी बारीक, साधारण ३ ते ८ मायक्रोमीटर एवढे असतात. बटाट्याचे मोठे कण १०० मायक्रोमीटरपर्यंत जातात. (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

निळा रंग आणि साखर

१८११ हे वर्ष पिष्टाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेतून एक नवे मूलद्रव्य मिळाले, ते म्हणजे आयोडीन. तीनच वर्षांनी, १८१४ मध्ये, कोलँ आणि गोल्तिए द क्लोब्री यांनी आयोडीन लागताच पिष्ट गडद निळे होते हे दाखवले. रास्पाय यांनी १८२५ मध्ये हीच परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली वापरून वनस्पतीच्या पेशींत पिष्ट कुठे आहे हे शोधले. पुढे १८६४ मध्ये जर्मनीत यूलियस झाक्स यांनी उन्हातल्या पानात पिष्ट तयार होते हे याच रंगाने सिद्ध केले. आपण शाळेत पानावर करतो तो प्रयोग त्यांचाच आहे.

१८११ मधली दुसरी घटना रशियातली. सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्कहोफ यांनी पिष्ट सौम्य गंधकाम्लात उकळले आणि त्यांना गोड पाक मिळाला. नेपोलियनच्या युद्धांमुळे तेव्हा युरोपात ऊसाची साखर दुर्मीळ झाली होती, त्यामुळे या शोधाचा मोठा गाजावाजा झाला. विज्ञानाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की पिष्ट हे साखरेचेच बनलेले आहे. १८३३ मध्ये पायाँ आणि पर्सो यांनी मोड आलेल्या जवापासून असा पदार्थ वेगळा केला की जो आम्लाशिवायच पिष्टाची साखर करतो. वेगळे काढलेले ते पहिले विकर (एन्झाइम). भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तेव्हा आपल्या लाळेतले असेच एक विकर काम करत असते.

आज आपल्याला माहीत आहे की पिष्टाचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो ते लाखो कड्यांची साखळी. या साखळ्या कणामध्ये कशाही कोंबलेल्या नसतात. त्यांचा बराच भाग शिस्तीत, एकमेकांना लागून रचलेला असतो. काही ठिकाणी ही रचना स्फटिकासारखी पक्की असते. म्हणूनच कच्चे पीठ थंड पाण्यात विरघळत नाही. ते तळाशी बसते आणि त्याचा चीक होतो.

शिजणे म्हणजे काय?

आता हाच चीक पाण्यात कालवून चुलीवर ठेवू. बराच वेळ काही घडत नाही. पाणी कोमट होते, गरम होते, तरी मिश्रण पातळच राहते. मग साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसच्या सुमारास ते झपाट्याने दाट होऊ लागते आणि पांढरा रंग जाऊन त्याला काचेसारखी झाक येते. गहू, बटाटा, मका, तांदूळ यांच्यासाठी हे तापमान थोडे थोडे वेगळे असते.

या तापमानाला कणातली शिस्त मोडते. उष्णतेने साखळ्या हलू लागतात, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि मोकळ्या झालेल्या जागी पाणी शिरते. कण फुगतात, एकमेकांना खेटतात, काही फुटतात आणि लांब साखळ्या पाण्यात उतरतात. लापशी, खीर, कांजी, कुरडईचा शिजलेला चीक, भाताची पेज या सगळ्यांचा दाटपणा असा येतो. मोदकासाठी आपण तांदळाची पिठी उकळत्या पाण्यात घालून उकड काढतो तेव्हा हेच करतो. तांदळात ग्लूटेन नसते, त्यामुळे थंड पाण्यात भिजवलेल्या पिठीची पारी होत नाही. फुगलेले पिष्ट तिला धरून ठेवते. ज्वारीच्या पिठात गरम पाणी घालून भाकरी थापण्यामागेही हेच तत्त्व आहे.

शिजलेले अन्न मऊ आणि पचायला सोपे होते, तेही यामुळेच. शिस्तीत बांधलेल्या साखळ्यांपर्यंत विकरे सहजी पोचू शकत नाहीत, मोकळ्या साखळ्यांपर्यंत पोचतात.

इथे एक प्रश्न उरतो. शिजताना मोडलेली ही शिस्त कायमची मोडते का?

बूसँगो यांचा पाव

ज्याँ-बातिस्त बूसँगो हे फ्रान्समधील शेतीरसायनाचे एक आद्य संशोधक. वनस्पती नायट्रोजन कुठून मिळवतात यावरच्या त्यांच्या प्रयोगांसाठी ते ओळखले जातात. अल्सास प्रांतात त्यांनी स्वतःच्या शेतावर प्रयोग केले. मोजल्याशिवाय बोलायचे नाही ही त्यांची पद्धत होती. हीच पद्धत त्यांनी १८५२ मध्ये पावाला लावली.

पाव वाळून शिळा होत असेल तर त्याचे वजन घटले पाहिजे. बूसँगो यांनी भट्टीतून काढलेला पाव तोलून ठेवला आणि दिवसेंदिवस तोलत राहिले. पाव स्पष्टपणे शिळा झाला, पण वजनातली घट अगदी किरकोळ होती. पाणी बाहेर जाणारच नाही अशा बंदोबस्तात ठेवलेला पावही शिळा झाला. मग त्यांनी शिळा पाव पुन्हा भट्टीत घालून तापवला. आतले तापमान ७० अंशांच्या आसपास गेले आणि पाव पुन्हा ताज्यासारखा मऊ झाला. खरी गंमत पुढे आहे. शिळा होताना पावातून जेवढे पाणी गेले होते, त्याहून जास्त पाणी या दुसऱ्या तापवण्यात गेले. पाणी कमी झाले आणि पाव मऊ झाला!

वाळण्याची कल्पना या एका निरीक्षणापुढे टिकत नाही. पाणी गेल्यामुळे पाव शिळा होत असता, तर आणखी पाणी गेल्यावर तो आणखी शिळा व्हायला हवा होता. पाणी पावातच असते, पण पावाच्या आत काहीतरी बदलते आणि तो बदल उष्णतेने उलटवता येतो, असा याचा निष्कर्ष. अर्थात त्याला एक मर्यादा आहे. दहा वर्षांच्या आतच जर्मनीतल्या फॉन बिब्रा यांनी दाखवले की पाव फार वाळलेला असेल तर नुसत्या तापवण्याने तो परत मऊ होत नाही. आत पुरेसे पाणी शिल्लक असावे लागते. शिळी पोळी किंवा भाकरी गरम करण्यापूर्वी तिच्यावर पाण्याचा हबका मारतात, तो याच कारणाने.

आत नेमके काय बदलते, याचा धागा फ्रान्समध्येच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडला. १९०२ मध्ये लँदे यांनी दाखवले की ताज्या पावातून पाण्यात उतरू शकणारे पिष्ट जास्त निघते आणि पाव शिळा होतो तसतसे ते कमी होत जाते. त्याच सुमारास माकेन हे नुसत्या पिष्टाच्या खळीचा अभ्यास करत होते. स्वच्छ, पारदर्शक खळ ठेवून दिली की ती गढूळ होते, घट्ट होते आणि तिच्यावर विकरांचा परिणाम कमी होऊ लागतो. शिजलेले पिष्ट जणू पुन्हा कच्च्याच्या दिशेने परत जाते. माकेन यांनी याला 'रेट्रोग्रेडेशन' म्हणजे मागे फिरणे असे नाव दिले. पिष्टात दोन वेगळे घटक असतात हेही त्यांनी आणि त्यांचे सहकारी रू यांनी मांडले.

रात्रीची भट्टी

पाव शिळा होणे ही आपल्याला चवीची किरकोळ बाब वाटेल. युरोपातल्या शहरांत मात्र त्यावर हजारो माणसांचे आयुष्य बेतलेले होते. सकाळच्या न्याहारीला ताजा पाव हवा, आणि पाव तर काही तासांतच शिळेपणाकडे झुकू लागतो. याचा अर्थ तो पहाटे भट्टीतून निघाला पाहिजे, म्हणजे कणीक रात्री मळली पाहिजे.

१८६२ मध्ये लंडनच्या बेकरी कामगारांच्या तक्रारींची सरकारी चौकशी ट्रेमेनहीर यांनी केली. त्यांच्या अहवालात या कामाचे वर्णन आहे. काम रात्री अकराच्या सुमारास सुरू होई. कणीक मळून झाली की ती फुगेपर्यंत कामगार त्याच मळण्याच्या फळीवर, एक पोते अंथरून आणि एक पोते गुंडाळून, दोनेक तास झोपत. मग पुढचे पाच तास अखंड काम. जागा बहुधा तळघरात आणि हवा ७५ ते ९० अंश फॅरेनहाइट, म्हणजे २४ ते ३२ अंश सेल्सियस. पुढल्या वर्षी झालेल्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळेत बेकरीत कामाला लावण्यास मनाई केली. मोठ्यांची रात्र तशीच राहिली.

पॅरिसमध्ये १८७१ च्या कम्यूनने २० एप्रिलला बेकऱ्यांतले रात्रीचे काम बंद करण्याचा हुकूम काढला. महिनाभरात कम्यूनच मोडले गेले आणि तो हुकूमही बुडाला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये बेकरी कामगारांसाठी दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली. १९०५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. हॉलंडमध्ये १९१२ साली बेकऱ्यांसाठी आणलेले विधेयक संसदेत नामंजूर झाले.

रात्रीच्या कामाच्या बाजूने कारणे अनेक सांगितली जात, पण त्यांच्या मुळाशी एक साधे वाक्य असे, 'दिवसा भाजलेला पाव सकाळी शिळा लागतो.' हे वाक्य निसर्गाचा नियम आहे का? का त्यातून काही वाट काढता येते? हा प्रश्न आता रसायनशास्त्राचा होता.

काट्झ यांचे उत्तर

तो हाती घेतला ॲम्स्टरडॅमच्या योहान रुडॉल्फ काट्झ यांनी. त्यांनी १९१७ मध्ये पाव शिळा होण्यावर आणि तो टाळण्याच्या उपायांवर संशोधन प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच 'बेकरी कामगारांच्या रात्रीच्या कामाच्या प्रश्नासंदर्भात' असे शब्द होते. प्रयोगशाळेतले काम कोणासाठी चालले आहे, हे मुखपृष्ठावरच लिहिलेले होते.

काट्झ यांनी पाव वेगवेगळ्या तापमानांना ठेवून पाहिले. त्यातून जे दिसले ते आजही पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते. पाव ६० अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम ठेवला तर तो शिळा होत नाही. तापमान जसे उतरवत जावे तसा शिळेपणाचा वेग वाढतो. गोठणबिंदूच्या आसपास तो सर्वाधिक असतो. त्याच्या बरेच खाली नेऊन पाव पक्का गोठवला की शिळेपणा पुन्हा थांबतो. वाळण्याची क्रिया अशी वागणार नाही. ती थंडीत मंद होईल आणि उष्णतेत वाढेल. इथे तर सगळे उलटे आहे. याउलट, गरम द्रावणातून थंड होताना स्फटिक बनणे ही क्रिया मात्र अगदी असेच वागते. त्यासाठी थंडी लागते, पण रेणूंना हलता येईल इतकी मोकळीकही लागते. सगळे गोठले की ती मोकळीक संपते.

शिळेपणा म्हणजे स्फटिक बनणे, याचा थेट पुरावा क्ष-किरणांनी मिळाला. स्फटिकातून क्ष-किरण गेले की पाठीमागच्या फिल्मवर ठरावीक कड्या उमटतात. काट्झ या तंत्रात तरबेज होते. रबर ताणले की त्यात स्फटिकासारखी शिस्त येते हा १९२५ मधला शोधही त्यांचाच. त्यांनी पावाची चित्रे घेतली. पिठातल्या कच्च्या पिष्टाचे चित्र एका प्रकारचे होते. ताज्या पावात ते चित्र नाहीसे झालेले होते. शिळ्या पावात पुन्हा कड्या उमटल्या, पण त्या कच्च्या गव्हाच्या चित्रासारख्या नव्हत्या, कच्च्या बटाट्याच्या चित्रासारख्या होत्या. साखळ्या पुन्हा शिस्तीत येत होत्या, मात्र नव्या रचनेत. 'मागे फिरणे' हे नाव त्यामुळे पूर्ण खरे नाही. पिष्ट परत फिरते, पण जुन्या घरी जात नाही.

मग कामगारांच्या रात्रीचे काय झाले? काट्झ यांच्या निष्कर्षातून एक मार्ग सुचत होता. दुपारी भाजलेला पाव सकाळपर्यंत गरम आणि दमट हवेत ठेवायचा. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण तसे केल्यावर पावाचे कुरकुरीत कवच सादळते आणि उष्णता व ओलावा लागणाऱ्या जिवाणूंचे फावते. शेवटी रात्रीच्या कामाला आळा बसला तो कायद्याने. फ्रान्सने मार्च १९१९ मध्ये रात्री पाव बनवण्यावर बंदी घातली. त्याच वर्षीच्या डच कामगार कायद्यातही तशी तरतूद आली. १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेकऱ्यांतील रात्रीच्या कामाविषयी स्वतंत्र करार केला. लोकांना सकाळी थोडा शिळा पाव खावा लागला आणि तो त्यांनी खाल्ला. शिळेपणा का येतो हे सांगणे विज्ञानाचे काम होते. ताज्या पावासाठी कुणाची किती झोप मोडायची, हे ठरवणे समाजाचे काम होते.

गंमत म्हणजे हा प्रश्न जगातून पुरता गेलेला नाही. गोव्यातला पोदेर आजही सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा दारावर येतो, कारण सकाळचा पाव संध्याकाळी तसा लागत नाही. पहाटे दारात येणाऱ्या पावामागे कुणाची तरी जागलेली रात्र असते.

दोन भावंडे, दोन स्वभाव

पिष्टातल्या दोन घटकांची रचना १९४० च्या सुमारास नीट उलगडली. जिनिव्हातले कुर्ट मायर यांनी दाखवले की अमायलोज हा ग्लुकोजची बहुतांशी सरळ साखळी असलेला रेणू आहे, तर अमायलोपेक्टिन हा झाडासारखा फांद्याफांद्यांचा, कितीतरी मोठा रेणू आहे. अमायलोजची साखळी जिन्यासारखी वळसे घेते, दर वळशाला ग्लुकोजच्या सहा कड्या. आयोडीन या वळशांच्या पोकळीत शिरते म्हणून निळा रंग दिसतो. १८१४ पासून वापरात असलेल्या परीक्षेचे कारण असे सव्वाशे वर्षांनी कळले.

मागे फिरण्याची घाई दोघांना सारखी नसते. सरळ साखळ्या एकमेकींना पटकन लागून बसतात. त्यामुळे अमायलोज पाव थंड होता होताच, पहिल्या काही तासांत, पक्के बसते. त्याचे स्फटिक १०० अंशांच्याही वर गेल्याशिवाय वितळत नाहीत. अमायलोपेक्टिनच्या फांद्या सावकाश, काही दिवस घेऊन जुळतात. त्यांचे स्फटिक ६० अंशांच्या सुमारास वितळतात. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या शॉक आणि फ्रेंच यांनी यावरून मांडणी केली की पावाचा दिवसेंदिवस वाढणारा शिळेपणा मुख्यतः अमायलोपेक्टिनमुळे येतो. बूसँगो यांचा पाव ७० अंशांना पुन्हा मऊ का झाला, याचे उत्तर इथे मिळते. पावात याखेरीज इतर गोष्टीही घडतात. गरातले पाणी कवचाकडे सरकते, ग्लूटेनही बदलते. पण मुख्य सूत्र हेच.

आपल्या स्वयंपाकघरात

एकदा हे सूत्र हाती आले की रोजच्या कितीतरी गोष्टींचा अर्थ लागतो.

फ्रिजमध्ये ठेवलेला भात आणि पोळी बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर कडक होतात, कारण ४-५ अंश हे तापमान शिळेपणाला फार सोयीचे आहे. पाव जास्त दिवस ठेवायचा असेल तर बर्फाच्या कप्प्यात गोठवणे अधिक चांगले. गरम पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या की तापमान हळूहळू उतरते, आणि शिळेपणाही उशिरा सुरू होतो. कडक झालेले मोदक पुन्हा वाफवले की मऊ होतात. फोडणीचा भात करायला शिळा भातच चांगला, कारण थंड होऊन बसलेले दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, आणि कढईतल्या वाफेने ते आतून पुन्हा मऊ होतात.

तांदळाच्या जातींतला फरकही यातूनच येतो. मोकळा होणाऱ्या तांदळात अमायलोजचे प्रमाण जास्त, चिकट होणाऱ्यात कमी. ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात खाल्ल्या जाणाऱ्या अगदी चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतेच. त्याला आयोडीन लावले तर निळ्याऐवजी तांबूस रंग येतो. कोकणातला आणि गोव्यातला उकडा तांदूळ तर शिळेपणाचा मुद्दाम केलेला उपयोग आहे. भात (साळ) टरफलासकट भिजवून वाफवतात तेव्हा आतले पिष्ट शिजते. वाळवताना त्याचा काही भाग पुन्हा घट्ट बसतो. म्हणून हा दाणा कांडताना कमी तुटतो आणि शिजल्यावर सुटा राहतो. कुरडई आणि साबुदाणा यांतही शिजवून वाळवलेले पिष्टच असते. साबुदाण्याचा बाहेरचा थर शिजलेला असल्याने भिजवल्यावर त्याचा चीक न होता मोती राहतो.

थंड होऊन घट्ट बसलेल्या पिष्टाचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही. ब्रिटनमध्ये हान्स एंग्लिस्ट यांनी १९८२ मध्ये त्याला 'रेझिस्टंट स्टार्च' हे नाव दिले. तो मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या जिवाणूंचे अन्न होतो. त्यामुळे थंड केलेल्या भातात असे पिष्ट थोडे वाढते हे खरे, पण एवढ्यावरून शिळा भात म्हणजे औषध असे मुलांना सांगू नये.

तसे न सांगण्याचे आणखी एक कारण आहे. मराठीत 'शिळे' या एका शब्दात दोन गोष्टी मिसळतात. थंड होऊन कडक होणे ही पिष्टाची भौतिक क्रिया आहे. आंबणे, विटणे, नासणे ही सूक्ष्मजीवांची करणी आहे. १९७१ पासून लंडनमध्ये परतलेला भात खाऊन उलट्या झाल्याची प्रकरणे उघडकीस आली. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात 'बॅसिलस सेरियस' हा जिवाणू वाढतो. त्याचे एक विष पुन्हा परतल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात लवकर थंड करून फ्रिजमध्येच ठेवावा. तो तिथे कडक होईल, पण नासणार नाही. कडकपणा तापवून जातो, विष जात नाही.

वर्गात करून पाहा

बूसँगो यांचा प्रयोग शाळेत सहज जमतो. एकाच पावाचे सारख्या जाडीचे चार तुकडे घ्या. प्रत्येक तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून पिशवीसकट तोला. एक खोलीत, एक फ्रिजमध्ये, एक बर्फाच्या कप्प्यात ठेवा. चौथा पिशवीबाहेर उघडा ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला आणि बोटाने दाबून मऊपणाची तुलना करा. बर्फातला तुकडा आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग खोलीतला आणि फ्रिजमधला तुकडा पिशवीतून काढून, चाळणीत ठेवून काही मिनिटे वाफवा. निरीक्षणे तक्त्यात मांडायला सांगा आणि 'वाळला म्हणून कडक झाला' हे उत्तर त्या तक्त्यावर मुलांनाच तपासू द्या.

दुसरा प्रयोग पेजेवर. पातळ पेजेत आयोडीनचा एक थेंब टाका. निळी झालेली पेज परीक्षानळीत तापवा. रंग फिका होत जातो आणि थंड होताना परत येतो. उष्णतेने साखळीचे वळसे सुटतात आणि थंडीत पुन्हा पडतात, याचे हे डोळ्यांना दिसणारे चित्र आहे.

शेवटी शब्दाविषयी. 'शिळा' हा मराठी शब्द संस्कृत 'शीतल' वरून आला आहे. शिळासप्तमीला आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात, त्या नावातही तोच अर्थ आहे. शिळे म्हणजे वाळलेले असे आपली भाषा म्हणत नाही, निवलेले असे म्हणते. बूसँगो यांना तराजूवर आणि काट्झ यांना क्ष-किरणांच्या चित्रांत जे सापडले, ते या शब्दाशी जुळते.